सरळ धरलेली पेटी

गोदाम नव्या मालकाने घेतलं आणि आम्ही एकोणीस वर्षं इथे राबलेले जुने कामगार एका दिवसात नवशिके झालो. तीन दिवस प्रशिक्षण, चौथ्या दिवशी परीक्षा. पास होईल त्याला पिवळं जाकीट मिळणार, नापास होईल त्याने घरी बसायचं.

"आता पेटी उचलायला शिकवणार आपल्याला," लंबू म्हणाला. "उद्या श्वास घ्यायलाही शिकवतील."

लंबू माझा जोडीदार. जड पेट्या दोघांनी उचलायच्या असतात, आणि आमची जोडी पहिल्या दिवसापासूनची. माझी बायको त्याला भाऊजी म्हणते. मला अक्षरं त्यानेच शिकवली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत, खोक्यांवरची लेबलं वाचून घेत. चुकलो की ओरडायचा, "अरे ढ, माल भलत्याच गावाला धाडलास!"

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा कामातून गेला. वर कळलं असतं तर त्याला काढलं असतं, म्हणून आम्ही ते आपसातच मिटवलं. पेटी उचलली की मी माझी बाजू जरा खाली घ्यायचो, हात थोडा आत सरकवायचो. ओझं माझ्याकडे यायचं. लंबूने नुसतं धरल्यासारखं करायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "उद्यापण घेशील ना?"

"घेईन रे. झोप तू निवांत."

परीक्षा घ्यायला एक बाई आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. नियम दोनच होते. पेटी सपाट राहिली पाहिजे, आणि दोघांपैकी कोणीही 'ठेव' म्हटलं की दुसऱ्याने वाद न घालता खाली ठेवायची. लाल रेघेपर्यंत वीस पावलं चालायचं होतं.

आम्ही उचलली, नेली, ठेवली.

"बाबा, तुमची बाजू सारखी खाली जातेय," बाई म्हणाल्या. मग एकेकाला बाजूला बोलावलं. आधी लंबूला, मग मला.

"पेटी तिरकी का धरता?"

"सवय लागलीय हो. सुधारतो."

त्यांनी कागद पुढे केला. "या वेळी नापास. मान्य असेल तर इथे सही करा. नाहीतर एक संधी बाकी आहे."

सही करण्यापूर्वी वाचायचं, हेही मला लंबूनेच शिकवलेलं. मी बोट ठेवत वाचू लागलो. खाली लिहिलं होतं, 'जोडीदाराचं म्हणणं: यांच्या हातांत आता जोर राहिलेला नाही. दोन वर्षं यांचं ओझं मीच उचलतो.'

मी ती ओळ दोनदा वाचली. वाटलं, मीच वाचायला चुकतोय.

"पुन्हा उचलतो," मी म्हणालो.

"दुसरा जोडीदार देऊ?"

"नको. तोच हवा."

लंबू समोर येऊन उभा राहिला. माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.

"हं," मी म्हणालो, आणि आम्ही उचलली.

मी पेटी प्रशिक्षणात शिकवलं तशी धरली, अगदी सपाट. तिसऱ्या पावलाला लंबूचा श्वास बदलला.

"घे ना," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

मी चालत राहिलो.

"अरे, घे ना तुझ्याकडे!"

सहावं पाऊल, सातवं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला त्याचा खांदा दिसत होता, आणि माझी बाजू चार बोटं खाली घेणं माझ्या हातात होतं. मी घेतली नाही.

"ठेव!"

मी तत्क्षणी ठेवली. लंबू खांदा धरून खालीच बसला.

"काय झालं?" बाई धावत आल्या.

"याने मुद्दाम..." तो म्हणाला.

"काय मुद्दाम?"

याने पेटी सरळ धरली, अशी तक्रार लंबू कुणाकडे आणि कशी करणार?

बाईंनी माझ्याबरोबर दुसरा माणूस दिला. वीस पावलं झाली. मला जाकीट मिळालं. लंबूच्या कागदावर त्या बराच वेळ लिहीत होत्या.

फाटकाशी तो माझी वाट बघत उभा होता.

"जोडीतला एकच ठेवणार, असं ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "तुझी पोरं मार्गी लागलीत. माझ्या दोघी अजून शिकतायत. काय करणार होतो मी?"

"मला विचारायचंस. मी गेलो असतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जाकिटाकडे, आणि निघाला.

खरंच गेलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्याने विचारायला हवं होतं.