धुरपताबाईचं डाळिंब

मी एक जुनं डाळिंबाचं झाड आहे. लातुरात, डाळमिलच्या मागच्या गल्लीत, धुरपताबाईच्या अंगणात उभा आहे. मित्रांनो, भिंतीवर चढून माझी फळं चोरता ना? काटे टोचतात ना? बरं होतं! आज जरा ऐकूनही जा.

धुरपताबाईनं माहेराहून फांदी आणून मला लावलं. मिलमधून आली की आधी मला पाणी, मग चूल. तरी पाच वर्षं मी नुसता पालाच काढला. शेजारचे किराणावाले वीरण्णा म्हणायचे, "लई लाड करायलात बाई! डाळिंबाला ताण द्यावा लागतो. दोन महिने पाणी तोडा, मग बघा."

"लेकराला उपाशी ठेवू काय? माझ्यानं न्हाई व्हायचं," ती म्हणायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि ताण सगळ्यांनाच बसला. मिल बंद पडली. ती दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. विहिरीवर बायका घागरींनी एकमेकींची डोकी फोडायच्या. एकदा ती आली ती कपाळातून रक्त गाळत, पण अर्धी घागर काही सोडली नव्हती. माझी पानं गळून नुसते काटे उरले. पुढच्या साली विहिरीला पाणी लागलं, तिनं माझ्या आळ्यात दोन घागरी ओतल्या आणि मी लालभडक फुललो. अकरा फळं धरली. वीरण्णांचं खरं झालं.

दुष्काळानंतर दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. साहेबलोक भाड्याच्या खोल्या शोधत हिंडू लागले. नवरा वारल्यापासून धुरपताबाईच्या अंगणावर तिचा दीर व्यंकटी डोळा ठेवून होता. एका सकाळी तो कुऱ्हाडच घेऊन आला.

"सरक वैनी, इथं खोली काढायची हाय."

"अंगण माझ्या हिश्शाचं हाय. झाडाला हात लावशील तर याद राख!"

त्यानं घाव घातला. माझी एक फांदी कडाडून पडली, मग दुसरी. तिसऱ्या घावाला धुरपताबाईनं माझं खोड धरलं आणि कुऱ्हाड तिच्या उजव्या हातावर बसली. दोन बोटं मातीत पडली.

पण बाई खमकी! तिनं डाव्या हातानं माझीच काटेरी फांदी उचलली आणि व्यंकटीला तोंडावर, पाठीवर सपासप झोडपत गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. "मेलो गं वैनी, मेलो!" तो बोंबलत होता. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो पुन्हा फिरकला नाही.

पावसाळ्यात तोडल्या जागी मला चार फुटवे आले. तिची बोटंही येतील म्हणून मी वाट बघितली. नाही आली. माणसाचं तसं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

आता ती थकली आहे. पाणी अजून तीच घालते. पण मित्रांनो, त्या हातानं डाळिंब सोलवत नाही. माझं फळ मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहते. तेव्हा खुशाल चोरा, माझी ना नाही. फक्त पहिलं फळ तिथंच सोला, दाणे तिच्या हातावर ठेवा, आणि मग पळा.