जावयाच्या हाताचं माप

अधिक महिना लागला की उमरग्याच्या बाजारात जावई नावाच्या माणसाचा भाव एकदम वधारतो. सराफाकडं गर्दी, कापडदुकानात गर्दी, घरोघरी पुरणाचे धोंडे. त्यातून लग्नानंतरचा पहिला धोंडा असला तर विचारूच नका. सासऱ्याची झोप उडते ती जावई जेवून गाडीत बसेपर्यंत परत येत नाही. हिंमतराव मात्र यंदा सराफाचा रस्ता सोडून भलत्याच दुकानात शिरले होते. कॉम्प्युटरच्या. सोबत लेक होती, शिवांजली.

शिवांजली माहेरी येऊन आता उन्हाळा सरत आला होता. पाचव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं, आणि बाळंतपणाला यायची ती नुसतीच आली. तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आई, द्वारकाबाई, शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरगी लई समजूतदार हाय. एका शब्दानं तक्रार न्हाय." समजूतदारपणा कसला, चहा गरम होता की गार हेही तिला पिऊन झाल्यावर सांगता आलं नसतं.

येत्या रविवारी इंद्रजित येणार, जेवणार, वाण घेणार आणि जाताना बायकोला सोलापूरला घेऊन जाणार, असं दोन्ही घरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिनं काय सांगितलं असतं कोण जाणे. जायचं आहे, एवढं तिला माहीत होतं आणि तिची बॅग भरून झाली होती.

इंद्रजित वाईट माणूस नव्हता, हे सांगितलंच पाहिजे, कारण सगळे तेच सांगत. पतसंस्थेत नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, कधी आवाज चढवला नाही. घरी आला की हेडफोन चढवायचा आणि कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचा, बस्स. दवाखान्यातही तो तिच्या पलंगाशेजारी बसून होता. 'काही लागलं तर सांग' म्हणाला होता, आणि तिला काही लागलं नव्हतं.

धोंड्याला काय हवं, असं हिंमतरावांनी रीतीप्रमाणं फोनवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "अंगठी नको मामा, गेमिंगचा चांगला माऊस द्या. आहे त्यानं मनगट फार दुखतं." चांदीच्या ताटात धोंडे, तुपाचा दिवा आणि शेजारी हे प्लास्टिक, या कल्पनेनं द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. हिंमतराव उलट खूश झाले. "मागून घेतंय म्हंजी मनात अढी न्हाय," ते म्हणाले. चांगला माऊस दिला की जावई खूश, जावई खूश की लेक सुखात. असली सरळ गणितं मांडण्यात हिंमतरावांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

दुकानदार शंभुलिंग तरुण होता आणि आपल्या मालावर त्याचं मनापासून प्रेम होतं. त्यानं काउंटरवर चार माऊस ओळीनं मांडले.

"हा पूर्ण तळवा टेकवून खेळणाऱ्यांचा, जरा फुगीर आहे. हा हलका, बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यांचा. ह्याला बाजूला अंगठ्यासाठी जागा आहे. आणि हा उभा. मनगटाला आराम, पण गेमला तितका चालत नाही." मग त्यानं विचारलं, "पाहुण्यांचा हात कसा आहे काका? मोठा, लहान? हाताला बसला नाही तर भारीतला घेऊनही मनगट दुखणारच."

हे ऐकून हिंमतरावांना दुकान एकदम आपलंसं वाटलं. शेतातल्या अवजारांच्या मुठी बसवण्यात जन्म गेलेला, हा तर त्यांचा प्रांत. "बराबर बोललास बघ! अवजार हाताला बसाय पायजे." त्यांनी फुगीर माऊस हातात घेऊन तळव्यात फिरवून बघितला आणि लेकीकडं वळले. "सांग की गं. कसा हाय त्यांचा हात?"

शिवांजली आठवायला लागली.

तिला खुर्चीची पाठ आठवली. मानेवरचे केस आठवले, हेडफोनचा काळा पट्टा आठवला, त्याच्या कानाच्या कडेवर पडणारा पडद्याचा निळा उजेडही आठवला. हात आठवेना. लग्नात तो तिच्या हातात दिला होता, फोटो आहे त्याचा. ताटात भाकरी मोडताना रोज समोर असणार. बोटं लांब होती की आखूड? तळवा कोरडा होता की घामेजलेला? तिनं खूप शोधलं. इतक्या दिवसांत तिनं एवढे कष्ट कशासाठीच घेतले नव्हते.

"आठवत नाही, अण्णा."

"आठवत न्हाय म्हंजी? दोन वरसं झाली लग्नाला!" हिंमतराव हसले. "आरं, हिच्या आईच्या खुरप्याला मूठ म्या तासतो. तिला कधी इचारत न्हाय. करंगळी वाकडी हाय तिची, तिथं जरा खोलगट ठेवावं लागतं, न्हायतर फोड येतो." हे त्यांनी शंभुलिंगला ऐटीत सांगितलं. मग लेकीच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि घाईघाईनं खिशातून फोन काढला. "थांब, त्यांनाच इचारू."

सुट्टीचा दिवस होता, इंद्रजितनं लगेच उचलला. हिंमतरावांनी शंभुलिंगला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"हाताचं माप व्हय? मोजून ठेवलंय मामा!" इंद्रजितचा आवाज खुलला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती, तळवा किती रुंद, सगळं त्यानं सांगितलं. तो तळवा टेकवतो, पण अंगठा सारखा बाजूच्या बटणावर लागतो. वजन हलकं हवं. वायर नको, ती अडकते. "आणि करंगळी खाली घासते मामा, तिला टेकायला जागा पाहिजे. संध्याकाळी इतकी आग होते ना, झोप लागत नाही."

तो बोलत राहिला. नवऱ्याला एका दमात एवढं बोलताना शिवांजली पहिल्यांदाच ऐकत होती. आवाज चांगला होता, मायाळू होता. तिला राग आला नाही. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तशी ती ऐकत होती. हिंमतराव आधी जोरजोरात "व्हय, व्हय" म्हणत होते; मग नुसतं "व्हय" राहिलं, मग तेही थांबलं.

"शिवांजली हितंच हाय," ते मध्येच म्हणाले. "देऊ का तिच्याकडं?"

"असू द्या मामा. मॅच सुरू होतीय. रविवारी येतोच आहे की." फोन बंद झाला.

"मग हाच," शंभुलिंगनं अंगठ्याच्या जागेचा माऊस पुढं सरकवला. "करंगळीलाही टेकू आहे. डोळे झाकून घ्या काका. बांधू?"

 घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी न घेणारा माणूस माऊस हातात धरून नुसता उभा राहिला. तिची झोप, तिचं जेवणखाण, काहीच विचारलं नव्हतं पोरानं. पण मग घरात बसून आपण तरी काय विचारलं होतं, हे त्यांच्या मनात आलंच असणार, कारण त्यांना लेकीकडं बघवेना.

"अण्णा, मला नाही जायचं."

शिवांजली हे इतक्या सपाट आवाजात म्हणाली की शंभुलिंगला ते दुसऱ्या दुकानात जाण्याबद्दलच वाटलं.

"रविवारी?" हिंमतरावांनी विचारलं.

"कधीच."

लोक काय म्हणतील, पाहुण्यांना काय तोंड दाखवू, पहिलाच धोंडा. सगळं हिंमतरावांच्या ओठांवर तयार होतं. घरी असते तर त्यांनी ते ऐकवलंही असतं. त्यांनी माऊस काचेवर ठेवला. "ऱ्हाऊ दे," ते शंभुलिंगला म्हणाले. "न्हाय बांधायचा." मग लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला म्या सांगतो. तू काय बोलू नको."

बाहेर ऊन रणरणत होतं. हायवेवरून हैदराबादकडं जाणारे ट्रक एकामागून एक चालले होते. हिंमतरावांनी स्कूटीची किल्ली काढली.  शिवांजलीनं ती त्यांच्या हातातून घेतली.

"मागं बसा, अण्णा."

आयुष्यात कुणाच्या मागं न बसलेले हिंमतराव मुकाट्यानं बसले. गाडी गावाकडच्या फाट्याला वळली. मग त्यांनी तिच्या पाठीवर डोकं टेकलं आणि ते रडायला लागले, आवाज न करता, जत्रेत हरवलेल्या पोरासारखे. तिला रडू आलं नाही. पण ब्लाउजला मागून ओल लागत होती, आणि ती कोमट आहे, हे तिला कळत होतं.