आठव्या कोअरखाली कोण?

वीबकेनं पुन्हा एंटर दाबलं. चार हजार एकशे बारा.

आकडा शून्य यायला हवा होता. नव्या प्रोसेसरच्या आठव्या कोअरला तिनं काही काम दिलंच नव्हतं. तो गाढ झोपलेला. आणि त्यानं किती सूचना चालवल्या ते मोजणारा चिपमधलाच काउंटर दर वेळी नवीनच काहीतरी सांगत होता. आता सहा हजार.

हा काउंटर कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसवून द्यायचं काम तिचं. ड्रेस्डेनच्या या ऑफिसात तिची चाचणीची मुदत उद्या संपत होती. आज चारला तिचे साहेब, हेर (म्हणजे श्रीयुत) ग्नाउक, शून्य बघायला येणार. नाही दिसलं तर गाशा गुंडाळायचा.

समोर लोथार चीजकेक हादडत बसलेला. महाबिलंदर माणूस. गेल्याच महिन्यात त्यानं तिच्या मशीनला दर तासाला शिंकायला लावलं होतं.

"लोथार, काढ ते. आज नको रे."

"काय काढू?"

"आठव्या कोअरवर घुसवलंयस ते."

तो उठून आला, आकडा बघितला आणि काटा हातातच राहिला. "आईशप्पथ, मी नाही."

लोथार कधी नाकारायचा नाही. पकडला गेला की टाळ्या पिटायचा.

"कर्नेलचं काही?"

"सगळं बंद आहे."

"मग त्याच्या खाली?"

"कर्नेलच्या खाली कोणी नसतं, लोथार."

तरी तिनं मॅन्युअल उपसलं. जुन्या चिपच्या मॅन्युअलमध्ये एका बिटपुढं, म्हणजे शून्य किंवा एक ठेवायच्या जागेपुढं, 'राखीव, हात लावू नये' असं होतं, म्हणून तिनं डोळे मिटून तिथं शून्य ठेवलेलं. नव्यात तिथंच बारीक अक्षरात लिहिलं होतं: चिपच्या आतच बसवलेला प्रोग्राम मोजायचा नसेल तर एक.

तिनं एक लिहिला. आकडा शून्य.

"सुटलीस गं बाई!" लोथार म्हणाला.

वीबकेला ते पटेना. आत कोणीतरी चालतच होतं, फक्त आता दिसत नव्हतं. तिनं बिट परत शून्य केली. नऊ हजार.

ग्नाउक आले. "हे काय?"

"हे खरं आहे, हेर ग्नाउक. झाकायचं असेल तर झाकता येतं. मी झाकणार नाही."

"उद्या मुदत संपतेय तुझी."

"माहितेय."

ते वाकून बराच वेळ बघत राहिले. आकडा वाढत होता. मग खुर्ची ओढून बसले आणि हळूच विचारलं, "आपल्या टेबलांवरच्या मशीनमध्ये पण?"

"त्यांत ही बिटच नाही. खाली कोणी असलं तरी शून्यच दिसणार."

"हे असंच, न झाकता पाठव," ग्नाउक म्हणाले. "तुझ्या नावाखाली माझंही घाल. आणि परवापासून कायमची आहेस, वेळेवर येत जा."

लोथारनं आपली प्लेट उचलली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरपासून चांगली दोन हात लांब नेऊन ठेवली.