लाल दिवा आणि तळ्याचा गाळ

मित्रांनो, बोलता बोलता मी मधेच थरथरलो तर घाबरू नका. ती थंडी नव्हे, काळजी आहे. मी विद्यापीठातला एक जुना डीप फ्रीझर आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा केवढा थाट! कुलगुरूंनी स्वतः दार उघडलं आणि गार वाफ तोंडावर येताच "वा!" म्हणाले. पण कोणत्याच विभागात जागा निघेना, म्हणून मला सामाईक व्हरांड्यात उभं केलं. तिथेच माझं नशीब ठरलं.

माणसं काय काय शिकतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. वरच्या कप्प्यात डासवाल्या सरांचे डास. मधे कृषी विभागाचं बियाणं. त्याखाली इतिहासाच्या मॅडमची कसर लागलेली हस्तलिखितं. गारठ्यात कसर मरते, म्हणून प्लॅस्टिकात घट्ट गुंडाळून इथे ठेवलेली.

"मॅडम, ही लायब्ररी नव्हे हं," सर चिमटा काढत.

"आणि तुमचे डास इथे पदवी घ्यायला आलेत वाटतं!" मॅडम कसल्या ऐकतात?

सगळ्यात खाली गाळ. एका मुलीने पीएचडीसाठी एका तळ्याच्या तळातून तो नळ्या भरभरून आणला. कोणत्या काळी तिथे काय उगवत होतं, ते ती त्या थरांतून शोधते. सगळे तिला तळेवाली म्हणतात. ते तळं नंतर बुजवलं. आता तिथे इमारती आहेत. म्हणजे माझ्या पोटात आहे तेवढंच तळं उरलंय. हा गाळ वितळला, तर तिची सगळी वर्षं वाहून जातील.

हळूहळू माझं कौतुक सरलं. दार सगळे उघडत, धड लावत मात्र कुणी नसे. बर्फाने दाराचं रबर वाकडं झालं, कॉम्प्रेसर धापा टाकू लागला. तळेवाली परगावी परिषदेला गेली होती, आणि नेमका तेव्हाच माझा लाल दिवा लागला. मी जीव तोडून टिंग-टिंग केलं. शेजारच्या खोलीत कुणाची तरी तोंडी परीक्षा चालू होती. डासवाले सर आले, त्यांनी आवाज बंद केला, "तक्रार केली असेलच कुणीतरी," म्हणाले आणि गेले. बियाणंवाले आले, तेही हेच म्हणाले. विषय सगळ्यांचे वेगळे, अंदाज मात्र एकच! आणि माझ्या पोटात ऊब चढत होती.

अखेर मॅडम आपली हस्तलिखितं न्यायला आल्या. प्लॅस्टिकवरून पाणी ओघळत होतं.

"अहो सर! धावा! त्या पोरीचा गाळ!"

सर धावले. दारोदार फ्रीझर शोधले. भौतिकशास्त्राच्या फ्रीझरात नुसतं आइस्क्रीम निघालं. त्यांचं संशोधन कशावर चाललंय ते तेव्हा कळलं. आइस्क्रीम बाहेर, नळ्या आत. गाळ कडांना मऊ पडला होता, पण मधे अजून दगडासारखा होता.

तळेवाली परतली आणि नळी हातात धरून खालीच बसली.

"चुकलंच माझं," सर पुटपुटले.

"सर, आवाज बंद करताना मला एक फोन तरी करायचात."

मग मला दुरुस्त केलं आणि वर पाटी लावली: 'ही सर्वांची जबाबदारी आहे.' ती वाचून तर मला जास्तच धडकी भरते! तेव्हाही दिवा सर्वांनीच पाहिला होता.

हल्ली तळेवाली रोज येते, रबर पुसते, दिवा बघते, दारावर तळवा टेकवते. पण तिचा प्रबंध पुरा होत आलाय. मित्रांनो, ती गेल्यावर तुमच्यातलं कुणी येईल ना? सर्वांनी यायला नको. एकानेच या, पण रोज या.