गप्पीची पाठवणी

सिस्टर त्या घरात आली तेव्हा जेमतेम विशीची होती, आणि पहिल्याच दिवशी न्हाणीघरात तिला भडभडून ओकारी झाली. नातेवाइकांनी टाकून दिलेल्या, डोक्याने अधू बायकांचं ते घर. कुणी अंगावरचे कपडे फाडी, कुणी दिवसभर भिंतीशी भांडे. त्यांना धुवायचं, पुसायचं, भरवायचं, एवढंच काम. "देवाची सेवा करायला आले, आणि इथं नुसत्या चादरी धुतेय," असं तिने एकदा मदरला फणकाऱ्याने ऐकवलं. तेव्हाची मदर म्हातारी आणि मिश्कील होती. म्हणाली, "धू बाई. गाणाऱ्या पुष्कळ आहेत त्याच्याकडे."

सिस्टर टिकली ती गप्पीमुळे. ही मुलगी पोलिसांनी रस्त्यावरून उचलून आणलेली. तोंडातून शब्द काढत नसे, म्हणून स्वयंपाकीणबाईंनी चेष्टेने तिचं नाव गप्पी ठेवलं आणि तेच चिकटलं. ती कुणाच्या हातचं खाईना. सिस्टरने ताटातला एक घास आधी स्वतः खाल्ला, की मग हिचं तोंड उघडे. कुठं जायचं झालं तरी तीच तऱ्हा. न्हाणीत, डॉक्टरांकडे, नव्या खोलीत, पुढं सिस्टर आणि मागं गप्पी. सिस्टर जिथं जाते तिथं भिण्यासारखं काही नसतं, एवढंच तिला या जगाबद्दल कळलं होतं.

असं करता करता दोघींचेही केस पिकले. नव्या मुली सिस्टरांच्या संघात यायच्या थांबल्या, जुन्या सिस्टर एकेक करून मातीआड गेल्या. उरलेल्यांपैकी एकीला धड दिसत नव्हतं, दुसरीला जिना चढवत नव्हता. मग एके दिवशी जेवणं आटोपल्यावर आताच्या मदरने सगळ्यांना बसवून घेतलं. घर बंद होणार होतं. बायका सरकारी इस्पितळात जाणार होत्या, सिस्टर मोठ्या कॉन्व्हेंटमध्ये.

"मलाही तिकडंच पाठवा, गप्पीबरोबर," सिस्टर म्हणाली.

"तिथं आपल्याला कोण राहू देईल? मी विचारून पाहिलं नसेल का?" मदरचे डोळे भरले होते. "तुमचे स्वतःचे गुडघे वाकत नाहीत, सिस्टर."

"मग मला मोकळं करा. व्रत सोडते. माझा भाऊ आहे, त्याच्याकडे नेते तिला."

त्या चादरींच्या दिवसांनंतर जिने कधी उलट शब्द काढला नव्हता, ती हे बोलत होती. मदर एवढंच म्हणाली, "आधी भावाला विचारून या."

भाऊ तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दोन खोल्या, त्यात मुलगा, सून आणि पाळण्यातलं नातवंड. बहिणीला दारात बघून त्याला काय करू नि काय नको असं झालं. पण गप्पीचं ऐकल्यावर तो खाली बघायला लागला.

"तू ये ना ताई. आजच ये. आमच्या उशाशी अंथरूण घालतो तुझं. पण तिला..."

"ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका कोपऱ्यात बसून राहील."

भावजय हळूच म्हणाली, "ताई, घरात तान्हं लेकरू आहे हो."

सिस्टर उठली. भाऊ तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला आला. "माझ्यावर राग धरू नकोस," तो रडत म्हणाला.

"नाही रे. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं."

ती खोटं बोलत होती, आणि ते दोघांनाही कळलं.

इस्पितळाची गाडी आली त्या सकाळी बाकीच्या बायका सहलीला निघाल्यासारख्या गाडीत चढल्या. एकीने तर ड्रायव्हरला हात हलवून रामराम केला. गप्पीने मात्र दाराची चौकट घट्ट धरली. दोघी मावश्या ओढून ओढून थकल्या. तेव्हा इस्पितळाच्या माणसाने पेटी उघडून इंजेक्शन काढलं.

"सुई नको," सिस्टर म्हणाली. "जरा थांबा."

आणि ती स्वतः गाडीत चढून बसली. लगेच गप्पीचे हात सुटले. ती मुकाट्याने मागून आली आणि सिस्टरला खेटून बसली. सिस्टरच्या पलीकडचं दार कुणीतरी हळूच उघडलं. सिस्टर उतरली. दार लागलं, कडी पडली. गप्पी ओरडली नाही. ती फक्त सरकून सिस्टरच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

मोठ्या कॉन्व्हेंटमधून भेटीला जायची परवानगी मिळेपर्यंत थंडी सुरू झाली होती. लांबलचक वॉर्डाच्या टोकाला गप्पी पडली होती. केस कापलेले, नाकात नळी.

"खातच नाही हो, बळजबरी केली तर थुंकते," तिथली मावशी म्हणाली.

सिस्टरने वाटी मागून घेतली. एक चमचा स्वतः खाल्ला, दुसरा तिच्या ओठांशी नेला. गप्पीने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईतो सिस्टर तो चमचा हातात धरून बसली होती.

"ओळखलं नसेल बिचारीने," मावशी समजूत घालत म्हणाली.

"ओळखलं," सिस्टर म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गप्पी गेल्याचा फोन आला. माती दिलीही होती. सिस्टर फादरकडे पापनिवेदनाला गेली आणि गाडीचा सगळा प्रकार तिने सांगितला.

"तुम्ही तिला सुईपासून वाचवलंत," फादर म्हणाले.

"सुई टोचली असती तर ती सुईला भ्यायली असती, फादर. आता कुणाला भ्यायली?"

मग फादरांनी नेहमीच्या शब्दांत क्षमा दिली. ती तिने घेतली, जशी सगळ्याच जणी घेतात, आणि तिला काहीच वाटलं नाही.

पुढं वेदीवरच्या कापडांना टिपा घालायचं काम तिला दिलं गेलं. ती पहाटे इतरांबरोबर प्रार्थनेला बसे, ओठ हलत, शब्द चुकत नसत. पण आपण कुणाशी बोलतोय, हे तिला उमगेनासं झालं होतं. पाहुणे आले की म्हणत, किती शांत चेहरा आहे या सिस्टरांचा. ती खूप वर्षं जगली. डॉक्टर तपासायला येत तेव्हा तिच्या छातीला नळी लावून म्हणत, "हृदय अगदी ठणठणीत आहे हं, सिस्टर!"