हसू ओसरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, पण खरोखरच्या लंगड्या माणसाने माझ्यावर कधीच भार टाकलेला नाही. माझी मालकीण नेस्टा कॉरिगन दोन्ही पायांनी धडधाकट होती. ती लंगडायची ती फक्त संध्याकाळी साडेसात ते दहा, आणि तेही कधी डाव्या पायाने, कधी उजव्या. कोणाच्या ते लक्षात आले नाही, कारण लोक माझ्याकडे बघत असत. थोडा गर्व वाटतो मला त्याचा, लपवत नाही.

मला घडवले विल्फ टॅगार्टने. तो त्यांच्या फिरत्या नाटक कंपनीचा सुतार, ट्रक चालवणारा आणि पडद्याआडून विसरलेली वाक्ये पुरवणारा, सगळे एकटाच. कुंपणाच्या एका टाकून दिलेल्या खांबातून त्याने मला कोरून काढले आणि टोकाला लोखंडी टोपी ठोकली. नेस्टा म्हणाली, "जड आहे रे." विल्फ म्हणाला, "जडच हवी. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालासुद्धा दचकवायचंय आपल्याला."

एकोणीस हिवाळे आम्ही सिडनीपासून दूर, माळरानांतल्या गावोगाव हिंडलो. पत्र्याच्या छपरांचे हॉल, मध्यंतराला चहा आणि लॅमिंग्टन केक, समोर मेंढ्या कातरणारे, खाणकामगार आणि त्यांच्या बायका. नाटकात नेस्टा एका आडवाटेच्या खाणावळीची लंगडी विधवा मालकीण व्हायची. ती एका वाटसरूला सूप वाढते आणि ठसक्यात म्हणते, "माझं सूप पिऊन आजवर कुणी तक्रार करायला परत आलेलं नाही." हॉल खदखदून हसायचा. नेस्टा थांबायची. हसू ओसरू लागले, पण पुरते विझले नाही, असा एक क्षण असतो. नेमक्या त्या क्षणी ती मला रंगमंचाच्या फळीवर ठोकायची आणि म्हणायची, "माझा मुलगासुद्धा नाही."

मग हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कोबार गावाला हसू लांबायचे, विल्कॅनियाला लवकर आटपायचे. कुठे किती थांबायचे हे तिला कोणी शिकवले नव्हते. ते तिच्या मनगटाला कळायचे, आणि मनगटाखाली मी होते. मित्रांनो, त्या दिवसांची सर पुढे कशालाच आली नाही.

पंचाहत्तर साली त्याच नाटकाचा सिनेमा करायचे ठरले. दिग्दर्शक डंकन जेमतेम तिशीचा. त्याने कंपनीतल्या एकट्या नेस्टाला घेतले, तेही अटीवर: तीन दिवसांत जमले नाही, तर सिडनीहून दुसरी नटी येणार. नेस्टा तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. एकोणीस वर्षे अंगाखांद्यावर वाढवलेली भूमिका दुसरीच्या पदरात जाणार, या धास्तीने तिचे जेवण सुटले. विल्फ तिला ट्रकमधून ब्रोकन हिलबाहेरच्या त्या लाल माळावर घेऊन आला.

तिथले सगळेच उफराटे. पहिल्याच दिवशी नाटकाचा शेवटचा प्रसंग केला. जो माणूस अजून भेटलाच नव्हता, त्याच्या थडग्यापाशी नेस्टाला रडायला लावले. एक वाक्य बोलायचे की थांबायचे, दिवे हलवायचे, पुन्हा तेच वाक्य. सूप कोणत्या शब्दाला कोणत्या हाताने वाढले, हेसुद्धा एक बाई लिहून ठेवत होती. आणि माझे काय झाले म्हणता? आवाज टिपणाऱ्या मुलीने माझ्या लोखंडी टोपीवर जाड लोकरीचा तुकडा चिकटवला. "हिच्या ठोक्याने माझे कान फुटतील," म्हणाली. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुपाचा प्रसंग आला. नेस्टा ठसक्यात बोलली आणि सवयीने थांबली. कोणी हसले नाही. चिटपाखरूही नाही. तिचा चेहरा उतरला.

"कट," डंकन म्हणाला. "नेस्टा, मध्येच का थांबलात? वाक्य विसरलात?"

"विसरेन कशी? हसू येऊ दे ना."

"इथे कोण हसणार?"

तिला वाटले, वाक्य पडले, कोणाला भिडलेच नाही. वाक्य पडले की नट काय करतो? आणखी जोर लावतो. पुढच्या खेपेला तिने आवाज चढवला, भुवया कपाळात नेल्या, मला दाणदाण आपटले. लोकरीखालून मी नुसती थप्प थप्प वाजले. दिवस मावळला तेव्हा डंकन सिडनीला फोन लावायला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नेस्टा पेटीवर बसून राहिली. "विल्फ, ट्रक काढ. लाज जायच्या आत जाऊ."

विल्फ पाइप झाडत म्हणाला, "एकोणीस वर्षं लोकांकडे बघून काम केलंस, आणि इथे आल्यावर आंधळी झालीस का गं? काल मी त्या दिवेवाल्याजवळ उभा होतो. तुझं सुपाचं वाक्य आलं की तो आपली टोपी तोंडात कोंबतो. प्रत्येक वेळी."

"का?"

"हसू दाबायला. आवाज टिपला जातो ना इथे. हसला तर नोकरी जाईल बिचाऱ्याची. अगं म्हातारे, सगळेच दात आवळून बसलेत. वाक्य पडलेलं नाही तुझं."

नेस्टाने मला हातात घेतले. मग उठली आणि प्रसंगाला उभी राहिली. सुपाचे वाक्य तिने शेजारणीशी बोलावे तसे म्हटले आणि दिवेवाल्याकडे तिरपी नजर टाकली. टोपी तोंडात होती. मग मला ठोकायची वेळ आली, तर तिने मला हळूच टेबलाला टेकवून ठेवले. ती थांबली नाही, आवाजही वर नेला नाही. "माझा मुलगासुद्धा नाही," एवढेच ओठांतल्या ओठांत म्हणाली आणि पुसलेलीच वाटी पुन्हा पुसत राहिली.

डंकन "कट" म्हणायचे विसरला. दिवेवाल्याची टोपी खाली पडली होती. सिडनीच्या नटीला येऊ नका म्हणून कळवले. खरे सांगू? मला आनंद झाला आणि पोटात दुखलेही. तिचे सर्वांत सुंदर काम माझ्यावाचून झाले होते.

दोन वर्षांनी तो सिनेमा कोबारच्या आमच्याच हॉलमध्ये लागला. विल्फने माझी लोकर केव्हाच खरवडून टाकली होती. नेस्टा मला घेऊन लोकांत बसली. सुपाचे वाक्य आले आणि हॉल पूर्वीसारखाच खदखदून हसला.

पण पडद्यावरची नेस्टा थांबली नाही. त्या गदारोळात तिचे ओठ हलले, आणि ते दुसरे वाक्य कोणाच्याच कानी पडले नाही.

"थांब ना गं जरा," माझी नेस्टा पुटपुटली. मग हसू ओसरू लागले, आणि तिच्या मनगटाला राहवले नाही. अंधारात तिने मला जमिनीवर ठोकले.

"माझा मुलगासुद्धा नाही."

हॉल चिडीचूप झाला. पडद्यावरची खाणावळ पुढे बोलत होती, पण लोक मागे वळून अंधारात बघत होते.

आता नेस्टा नाही, विल्फही नाही. मी त्याच गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात आहे आणि शेजारी तो सिनेमा दाखवतात. तो जपलाय हे चांगलेच झाले. तिचा चेहरा मला रोज दिसतो. पण मित्रांनो, तुमच्या गावात नाटकाचा एखादा हॉल अजून उघडा असेल, तर तो बंद पडू देऊ नका. तिथे जाऊन बसा आणि पोटभर हसा. तुमचे हसणे संपेपर्यंत तिथे कोणीतरी तुमच्यासाठी थांबलेले असते.