पडीक रानातली बोर

नववीच्या इंग्रजीच्या धड्यात 'ग्रब अप' असे दोन शब्द आले. श्रीदेवीनं शब्दकोश बघून मुलांना अर्थ सांगितला, 'झुडपं मुळासकट काढून जमीन मोकळी करणे'. मुलांनी तो वहीत उतरवूनही घेतला. तिचं मात्र समाधान झालं नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिनं गॅलरीत बसलेल्या वडिलांना विचारलं, "अप्पा, झुडपं खणून रान साफ करतात, त्याला आपल्याकडं काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं? खांदून काढायचं की," ईश्वरप्पा म्हणाले. "नुसती छाटली तर बोर वर्षात परत डोक्याएवढी. बूड सोडायचं न्हाय." मग म्हणाले, "आपल्या रानात आता काय हाय गं?"

अक्कलकोटजवळचं ते दोन एकर रान सात वर्षं पडीक होतं. श्रीदेवीची आई कमलम्मा गेली, अप्पा सोलापुरात लेकीकडं आले, तेव्हापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं.

रविवारी दोघं गेली. बांधाच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडं तिकडं बोरी आणि वेडी बाभळ. शेजारच्या वस्तीवरच्या गुरुलिंगकडून श्रीदेवीनं कुदळ आणली. अप्पांनी दोन घाव घातले आणि धापा टाकत खाली बसले.

"द्या इकडं." तिनं ओढणी कमरेला बांधली.

"बुंध्यावर न्हाय, कडंनं मार. मुळी दिसली की तोड. तुझी आई अशीच मारायची. मी दमायचो, ती न्हाय. सांजच्याला बुडखे डोक्यावर घेऊन निघायची, आन् वाटंनं कानडी गाणी म्हणायची."

आई गायची? श्रीदेवीला आठवत होती ती अबोल, चुलीपुढची आई. "कुठली गाणी, अप्पा?"

अप्पांना चाल आठवली, शब्द काही केल्या आठवेनात. ते गुणगुणत राहिले, ती घाव घालत राहिली. तासाभरानं एक बोर मुळासकट निघाली. तळहाताला फोड आले होते, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या.

"साकु, साकु!" अप्पा कानडीत म्हणाले. "बास आता, आपल्यानं सगळं व्हायचं न्हाय, पोरी. जेसीबी सांग."

कुदळ न्यायला आलेल्या गुरुलिंगनं तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावला. पुढच्या रविवारचं ठरलं. मोकळ्या झालेल्या तेवढ्याशा जागेत अप्पांनी मांडी घातली, कडक भाकरी मोडली आणि शेंगाचटणी घालून आधी लेकीच्या हातावर ठेवली.